उगाच कशाला!

इतर देशांतली माणसं ग्रहण बघतात. आपण ते पाळतो. कुत्रा पाळावा, पोपट पाळावा, दिलेला शब्द पाळावा (हा तिसरा प्राणी हल्ली फारसा दिसत नाही), तसं आपण ग्रहण पाळतो. फरक इतकाच, की कुत्र्याला आपण खायला घालतो आणि ग्रहणापायी आपणच उपाशी राहतो. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी ग्रहण पाहिल्याची नोंद नाही आणि कुणी ते पाळलं नसल्याची तक्रारही नाही. आमच्या कुळात ग्रहण म्हणजे खिडकीला लावलेलं घोंगडं, त्याचा कोंदट वास, पोटातले कावळे आणि शेवटी डोक्यावर ओतलेले गार पाण्याचे तांबे.

गिरगावातल्या आमच्या चाळीत ग्रहणाची वर्दी पंचांगाच्याही आधी आजीला लागत असावी. आठ दिवस आधीपासून 'वेध केव्हा लागतात' ही चौकशी सुरू व्हायची. सूर्यग्रहणाचे वेध आधी चार प्रहर, चंद्रग्रहणाचे तीन. म्हणजे सूर्याला बारा तास आणि चंद्राला नऊ. लहान मुलं, म्हातारीकोतारी आणि आजारी माणसं यांना त्यात सूट, रेल्वेच्या तिकिटासारखी. आजीचं वय तेव्हा पंचाहत्तरच्या घरात, पण ही सूट तिने कधी घेतली नाही. तिच्या वाटणीची मी घेत असे.

वेध लागले की घरातल्या खाण्याच्या प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर दर्भाची काडी नाहीतर तुळशीचं पान चढायचं. लोणच्याची बरणी, तुपाची बुधली, पापडांचा डबा. शिजवलेलं उरलं तर टाकायचं, आणि भरलेलं पाणीही ओतून द्यायचं. आता ज्या चाळीत नळाला पहाटे तासभर पाणी येतं तिथे भरलेलं पिंप ओतायचं म्हणजे खून पडायचे. म्हणून पिंपावर दर्भ टाकून त्याला वाचवायचा मार्ग धर्मशास्त्रानेच ठेवलेला होता. एकदा मी आजीला विचारलं, "आजी, हे पाणी तानसा तलावातून येतं. त्या तलावावर दर्भ कुणी टाकला?" आजीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मेल्या, तो म्युनिसिपालटीने टाकला असेल." म्युनिसिपालटीवर इतका विश्वास असलेलं माणूस मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

ग्रहण सुटत आलं की गल्लीतून आरोळी यायची, "दे दाऽन, सुटे गिराऽण!" आजी जुनं लुगडं, पसाभर तांदूळ, एखादा आणा असं काहीबाही खाली पाठवायची. लहानपणी मला ती आरोळी फार आवडे. ग्रहणात तेवढाच काय तो जिवंत आवाज. पुढे मिसरूड फुटल्यावर केव्हातरी ध्यानात आलं, की ज्या विषारी सावलीच्या भीतीने आम्ही घोंगड्याआड बसलो होतो, त्याच सावलीत ही माणसं, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं, सगळी उघड्यावर हिंडत होती. त्यांना काही होत नव्हतं. ते दर ग्रहणाला दिसण्यासारखं होतं. पण आम्हाला दिसत नव्हतं, कारण ग्रहणात बाहेर बघायचं नसतं.

तरीही आजीशी माझं भांडण नाही. आजीचा राहू मला प्रिय आहे. समुद्रमंथनातलं अमृत वाटायला मोहिनी निघते, हा पठ्ठ्या देवांच्या पंगतीत गुपचूप जाऊन बसतो, सूर्य आणि चंद्र चहाडी करतात, आणि घास गळ्याखाली उतरायच्या आत विष्णूचं चक्र फिरतं. तेव्हापासून ते नुसतं मुंडकं दोघा चहाडखोरांच्या मागावर आहे. काय गोष्ट आहे! आणि ज्याने रचली त्याने श्रोत्यांना धीर देण्याचीही सोय करून ठेवली आहे. ज्याला पोटच नाही त्याने गिळलेलं राहणार कुठे? एका बाजूने आत गेलं की दुसऱ्या बाजूने बाहेर. आजी ही गोष्ट मानायची, मानते असं सांगायची आणि त्यापायी स्वतः उपाशी राहायची. सरळ व्यवहार.

माझं भांडण आहे ते आजीच्या नातवंडांशी. म्हणजे तुमच्या-माझ्याशी. आजीच्या पश्चात आम्ही राहूला घराबाहेर काढला. पदवीधर घरात मुंडकं ठेवणं बरं दिसत नाही. पण त्याचं बिऱ्हाड तसंच राहिलं आणि त्या जागी एक नवा भाडेकरू आला. त्याचं नाव 'शास्त्रीय कारण'.

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. उभा जन्म त्यांनी पूल बांधले, आणि ते पूल अजून उभे आहेत, म्हणजे गणित पक्कं आहे. दर ग्रहणाच्या आदल्या दिवशी ते जिन्यात गाठतात. "तुम्ही ही अंधश्रद्धा म्हणता. पण आपल्या पूर्वजांना माहीत होतं. ग्रहणात अतिनील किरण वाढतात. त्याने अन्नात जंतू होतात."

आता दिव्यासमोर माणूस उभा राहिला तर दिव्याचा उजेड कमी होतो. वाढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सूर्यग्रहणात चंद्र सूर्याच्या समोर येऊन उभा राहतो, एवढंच घडतं. सूर्याला त्याचा पत्ताही नसतो. जे किरण काल येत होते, तेच आज थोडे कमी येतात. किरणांनी आमटी नासायची तर ती काल नासायला हवी होती. आणि अतिनील किरणांनी जंतू होत नाहीत, मरतात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रात तेच किरण वापरतात आणि ते यंत्र या इंजिनियरसाहेबांच्या ओट्यावर मी स्वतः पाहिलं आहे. हे त्यांना सांगितलं की ते एक मजला वर चढतात. "बरं, किरण सोडा. गुरुत्वाकर्षण! सूर्य, चंद्र एका ओळीत येतात!" येतात ना. दर अमावास्येला जवळपास एका ओळीतच येतात, म्हणून तर समुद्राला उधाण येतं. चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी पाच अंशांनी कलती आहे, त्यामुळे एरवी तो थोडा वरून नाहीतर खालून निघून जातो आणि ग्रहण होत नाही. हे पाच अंशाचं अंतर तुमच्या वरणभाताला कळत असेल, तर तो वरणभात वेधशाळेत नोकरीला ठेवला पाहिजे.

चंद्रग्रहणाची गंमत तर याहून मोठी. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो म्हणून आपण घाबरतो. अहो, पण रात्र म्हणजे दुसरं काय असतं? पृथ्वीची सावलीच ती. रोज संध्याकाळी आपण सहकुटुंब तिच्यात शिरतो, जेवतो, झोपतो, घोरतो. ज्या सावलीत आपला जन्म गेला, तिच्यात चंद्र तास-दोन तास डोकावला तर अपाय कुणाला? झाला तर चंद्राला व्हायचा.

यात खरा धोका एकच आहे, आणि तो डोळ्यांना. अर्धवट झाकलेल्या सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नये. डोळ्याचा पडदा भाजतो आणि तिथे वेदना कळण्याची सोय नसल्यामुळे भाजताना कळतही नाही. ग्रहणासाठीचे खास चष्मे मिळतात, वेल्डिंगवाल्यांची चौदा नंबरची काच चालते. सूर्य पूर्ण झाकला गेला तर तेवढी मिनिटं डोळे उघडे ठेवायलाही हरकत नाही. चंद्रग्रहणाला तर तेवढंही नको. एवढं एक वाक्य सांगून मोकळं व्हायचं, तर आपण लोणच्याच्या बरणीचं संरक्षण करीत बसलो.

२०२२ साली ग्रहण ऐन दिवाळीत आलं. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, २६ला पाडवा आणि मधल्या दिवशी सूर्यग्रहण. आमच्या सोसायटीत त्या दिवशी चिवड्याच्या डब्यांत तुळशीपत्रं पडली. एका घरी फ्रीजच्या दाराच्या मुठीत दर्भाची काडी खोचलेली मी पाहिली. आत आइस्क्रीम होतं. ग्रहण सुटल्यावर मलाही दिलं, म्हणून अधिक बोलत नाही.

हल्ली मुसळांचेही चित्रपट येतात. परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायचं. ग्रहण आहे तोवर ते आधाराशिवाय उभं राहतं आणि सुटलं की पडतं, म्हणे. ही चित्रफीत मला एकाच सकाळी अकरा जणांनी पाठवली, त्यांत दोन डॉक्टर. अंधश्रद्धा निर्मूलनवाले बिचारे वर्षानुवर्षं गावोगाव दाखवीत आले आहेत, की बूड सपाट असलं तर मुसळ कुठल्याही दिवशी उभं राहतं. मी स्वतः एका साध्या मंगळवारी स्वयंपाकघरात ते उभं केलं. दोन खेपा ते पायावर पडलं, तिसऱ्या खेपेला राहिलं. मग दुपारभर तसंच उभं होतं. शेवटी हिला चटणी कुटायची होती म्हणून तिने उचललं.

"पण पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटामिनिटाला बरोबर येते, ती कशी?" हा हुकमाचा एक्का. वेळ बरोबर म्हणून फळही बरोबर. वास्तविक वेळ बरोबर येते ती राहूला रजा दिल्यामुळे. आर्यभटाने सन ४९९मध्ये स्वच्छ सांगून ठेवलं, की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. आपल्या कोकणात, नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२०च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचलं आणि अवघड गणित इतकं सोपं करून ठेवलं, की पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगं त्यावर चालली. हे सगळं सावल्यांचं गणित आहे. यात मुंडक्याची भूक कुठल्याच रकान्यात धरलेली नाही.

पण आपली खोड जुनी आहे. ब्रह्मगुप्त केवढा मोठा गणिती! ६२८ सालच्या आपल्या ग्रंथात ग्रहणाचं गणित तो सावलीनेच करतो, आणि त्याच ग्रंथात राहू नाकारणाऱ्या आर्यभटाला मात्र श्रुतिस्मृतींच्या विरुद्ध बोलतो म्हणून फैलावर घेतो. पुढे चारशे वर्षांनी अल्-बिरुनीने हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. एवढा जाणता माणूस असं का लिहितो? बिरुनीला वाटलं, सॉक्रेटिसाची जी गत झाली तिला घाबरून लिहीत असावा. मला मात्र ब्रह्मगुप्ताच्या मनात आलेले शब्द स्पष्ट ऐकू येतात. 'उगाच कशाला!' राहू नाही हे मला ठाऊक आहे, गणित मी बरोबर करीन, पण चार माणसांत बोलायचं, उगाच कशाला! तोच माणूस आज आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. आणि पहिल्या मजल्यावर मी राहतो.

या 'वेध' शब्दाचंच बघा ना. एकाच शब्दाला आपण दोन घरी नांदवलं. एक वेध घ्यायचा. त्यासाठी वेधशाळा लागते. दुसरे वेध पाळायचे. त्यासाठी घोंगडं पुरतं. आणि ही दोन्ही घरं आपल्या महाराष्ट्रात एका भिंतीला लागून होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्याच मुलखावरून गेला. सोलापूरच्या वाटेवर जेऊर नावाचं स्टेशन आहे. त्या जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी घेऊन गेले. तिथेच अमेरिकेतून, पार कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून, एक तुकडी येऊन उतरली. जेमतेम दोन मिनिटांच्या काळोखासाठी माणसं सात समुद्र ओलांडून जेऊरला आली. आणि आसपासच्या वाड्यांमधून त्या दोन मिनिटांत काय झालं असेल ते मी शपथेवर सांगू शकतो. घोंगडी लागली असतील.

त्याच ग्रहणाला नॉर्मन लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गला आला होता. आता आपण विजयदुर्गला गेलात, तर किल्ल्यावर तुम्हाला 'साहेबाचे ओटे' दाखवतील आणि सांगतील, की १८६८ साली लॉकियरसाहेबाने इथूनच ग्रहण बघून हेलियम शोधला. ऐकून माझाही ऊर भरून आला होता. पुढे वाचलं तेव्हा तो थोडा रिता झाला. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ दिसली हे खरं, आणि हिंदुस्थानात दिसली हेही खरं. त्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. पण लॉकियर होता इंग्लंडात. त्याने ती रेघ ऑक्टोबरात, ग्रहणाशिवायच, घरबसल्या पाहिली. विजयदुर्गला तो तीस वर्षांनी आला. म्हणजे बघा, विज्ञानाचा अभिमान धरायचा म्हटला तरी आपण आधी त्याचं पुराण करून घेतो! (विजयदुर्गकरांनी रागावू नये. किल्ला आहेच तसा, कुणीही काहीही शोधावं.)

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं माहीत आहे, तर या गृहस्थाने स्वतः काय दिवे लावले? तेच सांगायचं आहे. इतका वेळ त्याच्याच आजूबाजूला घिरट्या घालतो आहे.

१६ फेब्रुवारी १९८०. शनिवार. खग्रास पट्टा कारवारकडच्या किनाऱ्याने देशात शिरून पुरीकडे बाहेर पडला. मुंबईत खंडग्रासच होतं, पण मुंबईने असा कडकडीत बंद त्याआधी कुठल्याही पुढाऱ्यासाठी पाळला नव्हता. रिकाम्या बसगाड्या आपल्या आपण फिरत होत्या. लोकांनी घरातच बसावं म्हणून दूरदर्शनने दुपारी सिनेमा लावला. वानखेडेवर क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची इंग्लंडविरुद्धची कसोटी चालू होती. तिने चक्क ग्रहणाची सुट्टी घेतली. आदल्या दिवशी सुरू झालेली कसोटी दुसऱ्याच दिवशी विश्रांतीला बसली! तरी ग्रहण लागलं ते आपल्यालाच. बोथमने एकट्याने १३ बळी घेतले आणि वर शतक ठोकलं. त्याला बहुधा वेधांची कल्पना नसावी.

आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी मी होतो, आई होती आणि ही होती. आजी जाऊन पाच वर्षं झाली होती. हिला सातवा महिना. आईने सकाळी लवकर तिला चार घास खायला लावले आणि दुपारी आतल्या खोलीत पाटावर बसवलं. खिडकीला घोंगडं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, खाजवायचं नाही, आडवं व्हायचं नाही, पाणी प्यायचं नाही. नाहीतर मूल ओठ फाटलेलं होतं. आई दुष्ट नव्हती हो. तिलाही तिच्या सासूने असंच बसवलं होतं, आणि ती स्वतःही त्या दिवशी सुनेच्या जोडीने पाण्याचा थेंब न घेता बसली होती.

मी बी. एस्सी. तेही फिजिक्स घेऊन. मी गच्चीवर होतो. चाळीतली आम्ही चार-पाच सुधारक मंडळी वडिलांच्या मोडलेल्या मनगटाचा एक्स-रे डोळ्यांपुढे धरून ग्रहण बघत होतो. (हे करू नये. त्या फिल्मने डोळे वाचत नाहीत. आमचे वाचले ते नशिबाने, म्हणजे पाहा, सुधारकालाही शेवटी नशीबच लागलं.) मनगटाच्या दोन हाडांमध्ये सूर्य अडकला होता, नखाच्या कोरीसारखा. ऊन होतं पण उनाला जीव नव्हता. कावळे गोंधळून गप्प बसले होते. मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून मी खाली आलो.

आतल्या खोलीत काळोख होता. ही घामाने भिजली होती. मला जवळ बोलावून अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "तुम्ही शास्त्र शिकलात ना? पाणी प्यायलं तर खरंच काही होतं?"

मी म्हणालो, "होत काहीच नाही. पण उगाच कशाला? तासाभराचा तर प्रश्न."

आणि पुन्हा गच्चीवर गेलो.

ग्रहण सुटल्यावर गार पाण्याने आंघोळ करताना तिला घेरी आली. आईच धावली, आईनेच तिला सावरलं, साखर घातलेलं दूध पाजलं, आणि त्या रात्री आई देवापुढे बराच वेळ बसून होती. एप्रिलात मुलगी झाली. धडधाकट, ओठ जागच्या जागी, आणि त्यांतून निघणारा आवाज चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. श्रेय अर्थातच वेधांना गेलं. काही वेडंवाकडं झालं असतं तर दोष एखाद्या पाण्याच्या पेल्यावर आला असता. या खटल्यात ग्रहण कधी हरत नाही.

पुढे एका डॉक्टर स्नेह्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, "अरे, गर्भाचे ओठ आणि टाळू जुळायचं काम पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच उरकलेलं असतं." म्हणजे सातव्या महिन्यात हिने विळी घेऊन मणभर सुरण चिरला असता, तरी जुळलेला ओठ पुन्हा उसवणार नव्हता. ज्या कामाचं बिल चार महिन्यांपूर्वी चुकतं झालं होतं, त्याची वसुली आम्ही तिच्या तहानेतून करीत होतो.

वर्षं गेली. ती एप्रिलातली मुलगी मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली, पुण्याला मोठ्या पगारावर लागली. २०१० साली संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, सूर्यग्रहण होतं. दक्षिणेत कन्याकुमारीकडे कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास, ऐन दुपारचं. तिला सहावा महिना होता. आदल्या दिवशी तिळगुळाचा फोन आला तेव्हा सहज म्हणाली, "बाबा, उद्या रजा टाकलीय. पडदे लावून घरात बसणार आहे." आणि जावईबापूंनी, तेही इंजिनियरच, 'ग्रहण आणि गर्भ : शास्त्रीय कारणे' असा एक तीन पानी मजकूर इंटरनेटवरून काढून तिला दिला होता. त्यात किरण होते, गुरुत्वाकर्षण होतं, 'नासा'सुद्धा होतं. राहू तेवढा नव्हता.

मी म्हणालो, "अगं, तू ज्या दिवसाची गोष्ट ऐकून मोठी झालीस, त्या दिवशी तुझ्या आईचे काय हाल..." तर मला मध्येच तोडून ती म्हणाली, "ठाऊक आहे हो बाबा. माझा काही विश्वासबिश्वास नाहीये. पण कशाला रिस्क?"

'उगाच कशाला'ला तीस वर्षांत बढती मिळून त्याचं 'कशाला रिस्क' झालं होतं.

या 'रिस्क'वर मी तेव्हापासून विचार करतो आहे. 'पाळलं तर बिघडतं काय?' असं ज्याच्यात्याच्या तोंडी असतं. बिघडतं असं, की पाळायचं ठरवणारा एक असतो आणि उपाशी राहणारा दुसरा. मी ऑफिसला जातो, इंजिनियरसाहेब जिन्यात व्याख्यान देतात, आणि पाटावर कोण बसतं? भांडी कोण ओततं, घासतं, पुन्हा भरतं? तहान कुणाची, खोली कुणाची, आणि पुढे कधी मुलात काही उणं निघालंच, तर जन्मभर बोट कुणाकडे दाखवायचं? २६ डिसेंबर २०१९च्या ग्रहणात कर्नाटकात कलबुर्गीजवळ काही अपंग मुलांना गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवलं होतं, ग्रहणात पुरलं की मूल बरं होतं म्हणून. वर्तमानपत्रांत फोटो आले. आपण सगळे हळहळलो, त्या आईबापांना अडाणी म्हणालो. ते आईबाप वेडी आशा धरून बसले होते. मी कशाची आशा धरली होती? मला तर ठाऊक होतं.

त्या दिवशी फोनवर मुलीशी मी जन्मात पहिल्यांदा भांडलो. तासभर. शेवटी तिने रजा रद्द केली नाही, पण पडदे लावले नाहीत, आणि दुपारी पोटभर जेवून, वर दोन तिळाचे लाडू खाऊन झोपली. एवढीच माझी कमाई. एप्रिलात नातू झाला.

तोच नातू २०१९च्या त्या ग्रहणाला नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे होता. वय वर्षं नऊ. सकाळी आठ ते अकराच्या सुमाराचं ग्रहण, सूर्य तीन-चतुर्थांशाहून थोडा अधिकच झाकला जाणार होता. चष्मे आणलेले होते. पण त्याला शाळेत कुणीतरी सांगितलं होतं, की बारीक भोकातून सूर्याचं चित्र पडतं. तो उठला तो थेट स्वयंपाकघरात शिरला, आणि बुंदीचा झारा, पुरणयंत्राची जाळी, किसणी, चाळणी, असं सगळं मडगार्ड नसलेल्या सायकलीसारखं खडखडत गच्चीवर घेऊन गेला. लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही, कारण तिला भोकं नव्हती.

झारा उन्हात धरला आणि गच्चीच्या फरशीवर शंभर सूर्य उमटले. शंभरही कोरीएवढे. हात हलवला की शंभर सूर्य हलत. गच्चीच्या कडेला हिने लावलेला कढीपत्ता आहे. त्याच्या पानांतून जो कवडसा भिंतीवर पडायचा तोसुद्धा कोरीच झाला होता, सगळी भिंत चंद्रकोरींच्या छापाच्या लुगड्यासारखी दिसत होती. नातू ओरडून ओरडून खाली हाका मारीत होता, "आजी, लवकर ये! आजी!"

ही वर आली. हात पिठाचे होते. पदराने पुसत पुसत उभी राहिली. तिच्या पायांवर, पदरावर, पिठाच्या हातांवर त्या कोरी पडत होत्या. आयुष्यातली किती ग्रहणं तिने पाटावर बसून काढली असतील कोण जाणे. तळहात पुढे करून तिने त्यातली एक कोर नेमकी हातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिली.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्या दिवशी गच्चीवर तुम्ही हेच बघत होतात?"

मी नातवाला म्हणालो, झारा दे, धुऊन आणतो.